लाल बटणाची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि सांगताना लाजेपेक्षा रागच जास्त येतोय. कशाचा? लोकांनी माझ्यावर किती सहज विश्वास ठेवला, त्याचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भिलाईच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. वैशाली नगरातला माझा शेजारी प्रभाकर मैदानावरच्या मोटारसायकल शर्यतीत उतरणार होता, आणि गाडीची वायरिंग माझ्याकडे. हेडलाइट काढला, इंडिकेटर उतरवले, मागच्या दिव्याच्या काचेवर टेप मारली. राहिलं ते इंजिन बंद करायचं लाल बटण. गाडी हाताबाहेर गेली तर ते दाबायचं — त्याशिवाय शर्यतीत घेतच नसत.

सरावात गाडी खड्ड्यात आपटली की आपोआप बंद पडायची. बटणाची तार टाकीखाली घासून उघडी पडली होती; ती गाडीच्या सांगाड्याला टेकली की बटण दाबल्यासारखं व्हायचं. नवी टाकायची म्हणजे टाकी उतरवा, अर्धा तास मोडा. मी काय केलं? तार सरळ सोडवून ठेवली; आता बटण दाबूनही इंजिन बंद होणार नव्हतं. बटण जागेवरच होतं, तपासणाऱ्याने नुसतं पाहिलं. प्लांटमध्ये लाइन बंद असल्याची पाटी लटकवल्याशिवाय हात न लावणारा मी — प्रभाकरला एका शब्दाने बोललो नाही.

तिसऱ्या फेरीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली. गाडी कठड्यावर गेली, त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. सगळे त्याला उचलायला धावले. मी? मी गाडीकडे धावलो. तार जोडली, केबल मोकळी केली, आणि लोक जमल्यावर किक मारून बटण दाबलं. इंजिन बंद.

"पाहून घ्या," मी म्हणालो, "बटन तं चालू हाये. घाबरला असन, दाबलंच नसन."

माझी जीभ झडली नाही. कुणी उलटून विचारलंही नाही — प्लांटचा इलेक्ट्रिशियन कशाला खोटं बोलेल? दवाखान्यात प्रभाकर येईल त्याला सांगायचा, दाबलं होतं, दोनदा दाबलं होतं. लोक माना डोलवायचे आणि बाहेर येऊन हसायचे. संताप होतो — त्या हसणाऱ्यांचा, आणि त्यांच्यात उभा राहून हसलेल्या माझा.

वर्षभराने तो लंगडत माझ्या घरी आला. चहा झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, "वसंता, मीच घाबरलो असन. तुह्या कामाले उगाच नावं ठेवली. माफ कर मले."

आणि मी त्याला माफ केलं.