चांदी, तात्या आणि ‘लुओ’

माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधेच वाटले, तर माफ करा. पण सणसरला सरांच्या ओसरीवर आमचा ग्रीकचा वर्ग भरायचा, तिथले किस्से इतके साचलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच घुसतो!

सर म्हणजे रिटायर्ड पाद्री, बायबल वाचायला ग्रीक शिकलेले. गावात नुकती केबल आलेली, पोरं सगळी तिकडं. विद्यार्थी दोनच. डाळिंबाच्या बागेत कामाला असलेला मी, आणि म्हातारे तात्या. तात्यांनी कळप विकून शेती धरली, चांदी नावाची एक मेंढी तेवढी ठेवली. त्यांचा मुलगा विलास तिलाही विकायला निघालेला. "घरी ठिवली तर इकून टाकंल," म्हणून तात्या तिला रोज वर्गात आणायचे.

*

पहिलंच क्रियापद ‘लुओ’. सर म्हणाले, "अर्थ, मी सोडतो. जुना ग्रीक माणूस जनावर सोडताना हेच म्हणायचा."

"आन् बांधताना?"

"ते पुढच्या वर्षी, तात्या."

"मग तवर जनावरं मोकळीच व्हय?"

*

लुओ, लुएइस, लुएइ. मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो. मला बोलायची लाज, म्हणून सर म्हणाले, "करून दाखव." मी चांदीच्या दाव्याला हात लावला, तर तात्या उठलेच! "हिला मीच सोडणार! हितं दुसरा-तिसरा पुरुष चालायचा न्हाय!"

*

मग आलं ‘लेलुताइ’. म्हणजे सुटलेली आहे, आणि अजून सुटलेलीच आहे. आमच्या डोक्यात काही शिरेना.

तेवढ्यात परसातून सरांच्या बायकोचा आवाज. बाई वर्गात कधीच बसल्या नव्हत्या. "अहो, चांदी लेलुताइ! माझी मेथी गेली!"

सरांनी मेथीकडं बघितलंसुद्धा नाही. "एकदम बरोबर!" म्हणत टाळ्याच वाजवल्या!

*

एका संध्याकाळी विलास बारामतीचं गिऱ्हाईक घेऊन थेट ओसरीवर आला. टेम्पो रस्त्यावर उभा.

"तात्या, लई झालं. सोडा तिला."

सरांनी पुस्तक मिटलं. तात्या उठून चांदीजवळ गेले. मग हळूच "लुओ" म्हणाले आणि गाठ सोडली.

गिऱ्हाइकानं चांदीला ओढलं. ती खाली बसली. आणखी ओढलं, तर आडवीच झाली!

विलास वैतागला. "आवो, हाक मारा की! तुमच्या हाकंबिगर ती हलती व्हय?"

तात्या दावं गुंडाळत म्हणाले, "सोडा म्हणलास, सोडली. हाकंचं बोलणं झालं न्हवतं."

विलासनं मेंढीकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि त्याला हसूच फुटलं. टेम्पो रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "तात्या, ती हाक मला शिकवा."