पौर्णिमेची बदली सुट्टी

आमच्या टीमकडे थायलंडचं काम, म्हणून सुट्ट्याही थायलंडच्या. दिवाळीला आम्ही लॉग-इन करून बसतो आणि भलत्याच एखाद्या सोमवारी घरी लोळतो. त्या वर्षी तिकडची बुद्धपौर्णिमा रविवारी आली. आपल्याकडे रविवारी आलेली सुट्टी बुडते. ते लोक ती सोमवारी बदलून देतात. मेल वाचून मला हसू आलं. मी जन्माने बौद्ध, नोकरी पुण्यात, आणि पौर्णिमेची हक्काची सुट्टी मिळणार ती परदेशाच्या कृपेने.

एरवी ते दिवस हसण्याचे नव्हते. आईला यवतमाळकडून उपचारांसाठी आणलं होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आणि आता शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन. मध्ये खंड पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिक्षात बसली की तिला उलटी व्हायची, त्यामुळे हॉस्पिटलला चालत जाता येईल अशीच खोली हवी होती. ती शोधताना मला पुण्याची सभ्यता पुरती कळली. कोणी नाही म्हणत नाही. आडनाव विचारतात, घरात कोणाचे फोटो लावता विचारतात, आणि मग त्यांचा भाचा अमेरिकेहून येणार असतो.

शेवटी कसबा पेठेत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, कारण आमचं आडनाव बौद्धांत आणि कुणब्यांत, दोन्हीकडे सापडतं. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, खालच्या मजल्यावर राहायच्या. जागा त्यांची आणि त्यांच्या दिरांची मिळून होती. मी आईला पहिल्याच रात्री सांगून टाकलं, फोटो बॅगेतच ठेवायचे, वंदना मनातल्या मनात म्हणायची. आपल्याकडची पौर्णिमा एक मेला होऊन गेली तेव्हा बाहेर गच्चीवर मालकीणबाईंचे पाहुणे बसले होते. आईने पांढरी साडी बाहेर काढली, मी ती परत ठेवायला लावली. थायलंडचं पंचांग त्या वर्षी महिनाभर मागे होतं, म्हणून मी तिला म्हटलं की माझ्या सुट्टीला करू, तिथले बौद्ध त्याच वेळी करतात. ती म्हणाली, चालते.

तर त्या सोमवारी आईने स्टुलावर दोन फोटो मांडले, एक बुद्धाचा आणि एक ज्यांनी आम्हाला बुद्धाकडे नेलं त्यांचा. मेणबत्ती लावली, खीर ठेवली. वीज गेली होती, उकाड्याने तिचा जीव घाबरा झाला, म्हणून मी दार जरा उघडलं. नेमक्या तेव्हाच मालकीणबाई वर आल्या. अधिक महिना होता, जावई जेवून गेले होते, आणि त्यातले चार अनारसे त्या आईसाठी घेऊन आल्या होत्या.

"आज सोमवारी घरी कशा? तुम्ही नोकरी सोडलीत की नोकरीने तुम्हाला?"

मी म्हटलं, सर्व्हरचं काम चालू आहे. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून स्टुलाकडे गेली. तरी मला वाटलं निभावेल. पण मागून आई बोलली.

"बुद्धपौर्णिमा हाये आमची, बाई. पोरीले हापिसानं आज सुट्टी देल्ली."

"ती गेल्या महिन्यात झाली," मालकीणबाई म्हणाल्या, अनारशांची ताटली माझ्या हातात दिली आणि खाली गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, चहासुद्धा विचारला. म्हणाल्या, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही, कोणाचीच अडचण नव्हती.

"आता आईंनी तोंडावर सांगितलंय. दिरांनी विचारलं तर मला माहीत नाही असं कसं म्हणू? तुमच्या आडनावाचे कुणबीही असतात ना तिकडे? मग कोणी विचारलं तर आईंनी तेवढंच सांगायचं. नाहीतर शनिवारपर्यंत खोली मोकळी करा."

मी लगेच हो म्हटलं. आजही म्हणेन. दोन आठवड्यांचं रेडिएशन बाकी होतं आणि मला दुसरी खोली कोणी देणार नव्हतं. जिना चढताना मला मालकीणबाईंपेक्षा आईचाच राग आला होता. आयुष्यभर खरं बोलून या बाईला काय मिळालं, असं वाटत होतं. वर जाऊन मी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. माझ्यासाठी म्हण, म्हटलं, उपचार पुरे होईपर्यंत म्हण. रस्त्यावर आले तर तुला घेऊन मी जाऊ कुठे? मी रडत होते. ती "बरं" म्हणाली आणि फोटो साडीत गुंडाळून बॅगेत ठेवायला लागली.

दोन दिवसांनी हॉस्पिटलमधून परतताना मालकीणबाईंचे दीर जिन्यात भेटले. त्यांनी चौकशी केली, आईंची तब्येत कशी आहे, गाव कुठलं, आणि मग, म्हणजे तुम्ही कोण? मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. कठड्याला धरून, धापा टाकत, ती म्हणाली, "कुणबी." दीर म्हणाले, छान, सांभाळून चढा. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिचा हात धरायचाही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. दार बंद होतं, खिडकी बंद होती, म्हणून मनातल्या मनात न म्हणता ओठांतल्या ओठांत पंचशील म्हणत होती. मी तिची औषधं काढत ऐकत होते. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही. तिथून ती सरळ नशा न करण्यावर आली आणि हात जोडून थांबली. मला वाटलं औषधांनी विसरली. एक राहिलं, आई, मी म्हटलं. मधलं, चौथं राहिलं, खोटं न बोलण्याचं.

"राहू दे," ती म्हणाली. "हे खोली सुटल्यावर म्हनीन. तवर जगली तर."