सटवाईशेजारची सहा हातांची

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि घरात माझं कुणी ऐकत नाही. अकरावी-बारावीची पोरं निदान परीक्षेपुरती तरी ऐकतात. त्यामुळे आमच्या सासूबाईंनी एकदा माझं ऐकलं आणि थेट देवघरात एक प्रथिन नेऊन बसवलं, हे सांगितलं की लोक म्हणतात, बाई, तुम्हाला ऊन लागलंय. सोलापूरचं ऊन आहेच तसं. पण गोष्ट खरी आहे.

धाकट्या जावेला दिवस गेले आणि दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचं निघालं. दिराची तपासणी केली, तर तो निगेटिव्ह. मग कुठून आलं, कसं आलं, याचा पंचनामा सुरू होणार, तोच सासूबाईंनी हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

"कुटनं आलं इचारलं की ते माघारी जानार हाय व्हय? न्हाय न्हवं? मग पोरीला जेवाया वाढा."

विषय तिथंच संपला. सासूबाई, दीर, जाऊ आणि मी, आम्हा चौघांपलीकडे तो गेला नाही.

जावेच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं : गोळी रोज घ्या, बाळाला आम्ही देतो ते औषध द्या आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा, वरचं काही नको. तिथं ही बया मान डोलवायची आणि घरी आली की पदर तोंडाला लावून बसायची. "माझ्याच दुधातनं गेलं तर, अक्का? मीच पाजायचं आन्‌ मीच..." मी समजावून थकले, मग चिडले. माझा स्वभावच तसा, लोक हरले की रडतात, मी भांडते.

आणि अशात मला ते प्रथिन सापडलं. म्हणजे शोधलं दुसऱ्यांनी, मी फक्त वाचलं. आपल्या शरीरातच अशी काही प्रथिनं असतात की जी या विषाणूला अडवतात. काही लाळेत, काही दुधात. त्यातलं आईच्या दुधातलं एक तर असलं गोड निघालं की मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत सुटले. टेनॅसिन त्याचं नाव. मधून सहा बाजूंना सहा हात. ते विषाणूला जाऊन चिकटतं आणि पेशीत शिरायची त्याची वाटच अडवतं. पुढेमागे यातून बचावाचं एखादं साधन तयार होईल, असं संशोधकांना वाटतं. वाटतं! खात्री नाही, शक्यता आहे. हे मी घरी सांगताना चारचारदा बजावलं. पण आमच्याकडे "शक्यता" हा शब्द भाकरीच्या पिठासारखा चाळणीतून खाली जातो, वर राहतं ते एवढंच, की सहा हात.

"सहा?" सासूबाई म्हणाल्या. "आन्‌ लेकराला राखती?"

"राखती नाही हो आई, राखतं. प्रथिन आहे ते."

"सहा हात हायत का न्हाईत?"

"आहेत, पण..."

"मग!"

जाऊ मात्र तोंडावरचा पदर काढून ऐकत होती. "म्हंजी माझ्या दुधात वंगाळच आसतं असं न्हाय," एवढंच म्हणाली. मुलगी झाली आणि पहिल्याच दिवशी हिनं तिला छातीशी घेतलं. मी बाहेर जाऊन रडून आले, चहा आणायला गेले होते असं सांगितलं.

पाचवीच्या संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. रात्री सटवाई येऊन बाळाच्या नशिबाचं लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायची पद्धत. सासूबाईंनी तो कागद माझ्याच हातात दिला.

"कोरा कशाला? तू ती सहा हातांची काढून दे. सटवाईला लिवताना समोर दिसली म्हंजी तिचा हात बिचकंल."

मी तासभर वाद घातला. विज्ञान, शिक्षण, माझी अब्रू, सगळं काढलं. शेवटी काढलंच चित्र, आणि काढायचंच तर बरोबर काढलं, हात सारख्या लांबीचे आले पाहिजेत. सासूबाईंनी लांबून, जवळून पाहिलं. "लई वाळलीया," म्हणाल्या, आणि मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी तो कागद देवघरात गेला. रोज फूल, शनिवारी दोन. मी वर्गात तोंड कसं दाखवत होते, माझं मला माहीत.

बाराव्या दिवशी बारसं करायचं म्हटलं, तर जाऊ अडून बसली. शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर, तोवर नाव नाही. "नाव ठिवलं की हाक मारावी लागती, अक्का. आन्‌ काय वाईट निघालं तर ती हाक कुटं ठिवू मी?"

गल्लीत सांगितलं, नवस आहे. पोरीला कुणी चिमणी म्हणे, कुणी ठमाकाकू. तिची आई मात्र काहीच म्हणायची नाही. बोलवायचं झालं तर टाळी वाजवायची.

पोर रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. कपाट आवरताना पाहते, तर जावेच्या गोळ्यांची बाटली जागेवर नाही! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, झालं, देवी मिळाली आणि औषध सुटलं. तशीच स्वयंपाकघरात घुसले.

"आई, हे प्रथिन एकटं काही करत नाही! खरं काम गोळी करते! बंद केली तर तुमची ती सहा हातांची सहाच्या सहा हात वर करील, कळतंय का?"

सासूबाईंनी शेंगाची चटणी कुटायची थांबवली नाही. नुसती मान देवघराकडे वळवली. चित्राच्या मागं बाटली होती.

"दिवा लावला की घंटी. घंटी झाली की गोळी. कपाटात व्हती तवा ही दोनदा इसरली. देवीम्होरली कशी इसरंल?"

"इसरायचं नावच न्हाय अक्का," जाऊ म्हणाली. "घंटी वाजली की हात आपोआप म्होरं येतो."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. हसू थांबेना. मग चित्राला मीच एक फूल वाहिलं. कुणाला सांगू नका.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी दिरानं चिंचोळीच्या कारखान्यातून सुट्टी घेतली. आम्ही पाचही जण दवाखान्यात. तिथल्या ताई हसून म्हणाल्या, "निगेटिव्ह." सासूबाईंनी दिराचा दंड धरला, "म्हंजी चांगलं न्हवं का? पुन्ना सांगा बाई." त्यांनी पुन्हा सांगितलं. दिरानं मला उचलूनच घेतलं, वहिनीला उचलतात का रे मेल्या, असं मी ओरडत होते आणि आजूबाजूचे पेशंट हसत होते. जाऊ तेवढी भिंतीला टेकून उभी, पोरीचे दोन्ही पाय मुठीत धरून.

बारशाला शेजारच्या चाचींनी पाळणा दिला. बाळ त्यात मावेना, कसंबसं बसवलं. "अरे, ये तो चल के आयी अपने बारसे को!" चाची म्हणाल्या. नणंदेनं कानात नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, तर आत्याला मारतात म्हणून ठमाकाकू पाळण्यातून उतरल्या आणि सगळ्यांना मारत सुटल्या. घुगऱ्या सांडल्या, हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

बायका गेल्या. पोर अंगणात खेळत होती. जाऊ स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिनं नावानं हाक मारली. पोरीनं वळून पाहिलंच नाही, तिला कुठं ठाऊक तिचं नाव! तिनं पुन्हा मारली. मग आणखी मोठ्यानं, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी.

"काय गं, काय हवंय तिच्याकडनं?" मी विचारलं.

"काय न्हाय ओ अक्का," ती म्हणाली, आणि दिवेलागणीपर्यंत हाका मारत राहिली.