मज्जातंतू रंगवणारे दिनकरराव

दिल्लीच्या सरोजिनी नगरात माणसाचा सरकारी क्वार्टर पाहिला की त्याचा हुद्दा कळे. कोणत्या साहेबाला किती खोल्या, हे दूधवाल्यालाही पाठ. सत्त्याण्णव साली दिनकरराव दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत गेले आणि ही सोय संपली. तिथे सगळेच फ्लॅट सारखे. त्यात त्यांच्या बायकोने, माधवीवहिनींनी, दिनकररावांचा पांढरा कोट गॅलरीत वाळत घातला. खालून चौकीदाराने सलाम ठोकला, "नमस्ते, डॉक्टरसाब!"

दिनकरराव प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आतड्याच्या पातळ चकत्या कापायच्या, त्यांतले मज्जातंतू रंगवायचे आणि कुठल्या तंतूत कुठलं रसायन आहे ते साहेबांना सूक्ष्मदर्शकातून दाखवायचं. पण सलाम इतका झकास होता, की नाही म्हणायचं राहून गेलं. मग राहतच गेलं.

एका रविवारी सकाळी शेजारचे जयदीप पोट धरून आले. मागे त्यांची बायको अलकनंदा.

"डॉक्टर, बेंबीपाशी कळ येतेय हो. दवाखान्यात जाऊ का?"

"उद्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू ना तुमचा?" दिनकररावांना चेव चढला. "अहो, मेंदूतली रसायनं पोटातल्या मज्जातंतूंतही असतात! अ‍ॅसिटिलकोलीननं आतडं आवळतं, नॉरअ‍ॅड्रिनलिननं मंदावतं. सगळं टेन्शन आहे, यार. ओवा खा आणि पडून राहा."

आतून माधवीवहिनी खाकरल्या. दिनकररावांनी ते ऐकलंच नाही.

संध्याकाळी जयदीपचं अपेंडिक्स फुटलं. रात्री ऑपरेशन झालं, जीव वाचला. सकाळी दिनकरराव भेटायला गेले, तर खाटेशी सर्जन उभे.

"हे आमचे डॉक्टर," अलकनंदा म्हणाली. "यांनी सांगितलं म्हणून आम्ही घरी थांबलो."

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"अच्छा?" सर्जननी वळून पाहिलं. "प्रॅक्टिस कहाँ है आपकी?"

दिनकररावांच्या पोटात असा पीळ पडला म्हणता! कुठल्या तंतूत कुठलं रसायन उसळलंय, सगळी नावं तोंडपाठ होती, उपयोग शून्य.

"नहीं है," ते कसेबसे म्हणाले. मग अलकनंदाकडे न बघता, "वहिनी, मी डॉक्टर नाही. मी नुसते मज्जातंतू रंगवतो."

"मग ओवा कुणाच्या भरवशावर दिलात?"

"आमच्या आईच्या."

जयदीपना हसू फुटलं आणि टाके ओढले गेले. "आई गं! हसवू नका हो, डॉ..." ते मध्येच थांबले. अलकनंदा हसली नाही. तिने दिनकररावांसाठी ओढलेली खुर्ची परत भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी कोट न्हाणीघरात वाळत होता. फाटकाशी दिनकररावांनी मुद्दाम स्कूटर थांबवली.

"भैया, मैं डॉक्टर नहीं हूँ."

"जी, डॉक्टरसाब," म्हणत चौकीदाराने अदबीने फाटक उघडलं.