जंगूला न विचारता घेतलेले भाव

…तर मनसाराम बल्लारपूरच्या दुकानातूनही चहा पिऊन, मान डोलावून बाहेर पडला, इथवर आपण काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. मला काय, गोष्टीत मागं जायला तिकीट लागत नाही.

मनसाराम म्हणजे गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावचा मासेमार. बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले मासे, दोन बांध्या धान, आणि तोंडात ‘नाही’ हा शब्द नाही. एकदा कुणी त्याचं जाळं एका दिवसासाठी म्हणून नेलं, ते पावसाळा सरला तरी आणून दिलं नाही. आपलंच जाळं परत मागायची याला लाज वाटली, म्हणून हा दुसऱ्याच्या दारात जाळं मागायला गेला! असा माणूस एसीचे भाव काढायला निघाला, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

घरात कूलर नव्हता असं नाही. चांगला लोखंडी कूलर होता, जंगूच्या हातचा. जंगूचं गोंडपिपरीत वेल्डिंगचं दुकान. दोघं एका शाळेत एकाच मास्तरचा मार खाल्लेले. त्यांचा एक रिवाज होता. चैतात बोडीचं पाणी आटत आलं की पहिली मोठी मरळ मनसाराम जंगूच्या घरी पोचवायचा. दुसऱ्या दिवशी जंगू कूलरच्या नव्या ताट्या, म्हणजे गवत भरलेल्या जाळ्या, मोटारसायकलला बांधून हजर. पंप खोलायचा, पत्र्याला काळा रंग मारायचा, मग चहा घेऊन आपल्याच कूलरसमोर डोळे मिटून बसायचा. एवढ्या वर्षांत मरळीचा भाव कुणी विचारला नाही, ताट्यांचाही नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात मनसारामच्या बायकोला, रंभाला, दमा लागला. डॉक्टर म्हणाला, ओल्या गवताची हवा हिला चालायची नाही. कूलर बंद करावा तर स्लॅबचं घर. वैशाखात भिंतीला हात लावला की चटका बसतो. घुग्घुसला सिमेंट कारखान्यात असलेला पोरगा प्रफुल फोनवर म्हणाला, “बाबा, एसीच लावून टाकू. पैसे मी पाहतो. पण पहिल्याच दुकानात मुंडी हलवून येऊ नोका. दोन-तीन ठिकाणी भाव घ्या.”

भाव घेणं सोपं होतं हो. पण जंगूला सांगायचं कसं, की बाबा, तुझ्या कूलरच्या हवेनं माझी बायको खोकते?

“सांगून टाका ना जंगूभाऊले,” रंभा म्हणायची. “दोस्त हाय, खाणार थोडीच हाय तुमाले!”

“सांगतो वो. आधी भाव त काढू दे.”

चंद्रपूरच्या दुकानदाराचा भाव चढा, पण वॉरंटी लांब. बल्लारपूरचा स्वस्त, पण तांब्याचा पाइप तो फुटावर मोजणार आणि फिटिंग वेगळी लावणार. वर म्हणतो, “काका, आपको डेढ टन लगेगा.”

“टनानं त कोळसा मोजते बाप्पा, हवा कशी मोजता?”

दुकानदार हसला, त्यानं चहा मागवला, आणि मनसाराम तिथं अर्धा विकला गेला. बाहेर येऊन त्याचं डोकं चालेना. मासा घ्यायचा तर कल्ला उचलून आतला लालपणा बघावा. या पांढऱ्या डब्याला कल्ला कुठं?

राहिलं गोंडपिपरीचं दुकान. रस्ता जंगूच्या दुकानासमोरून. मनसारामनं दुपट्टा तोंडाला गुंडाळला. ऊन होतंच, कुणाला काय कळणार? जंगू काळा चष्मा लावून ठिणग्यांत वाकलेला. मनसाराम चोरासारखा पुढं सरकला. या दुकानदारानं मात्र पाइप, फिटिंग, स्टॅबिलायझर सगळं धरून एकच भाव सांगितला. “अन् बाहेरच्या डब्याचं लोखंडी स्टँड बी आमचाच माणूस बनवून बसवीन.” कोणता माणूस, हे विचारायचं मनसारामला सुचलं नाही. भाव पटला, चहा आला, मान हलली.

घरी येताना मात्र पुन्हा त्याच दुकानासमोरून जायचं त्याच्या पायांना जमेना. तो मागच्या गल्लीनं फिरून आला.

मग त्यानं काय करावं? बोडी अजून भरलेली असताना दिवसभर पाण्यात उभं राहून मरळी धरल्या, आणि एक नाही, चांगल्या दोन घेऊन जंगूकडे गेला.

“का गा, दोन काऊन? घरी लगन हाय का?”

“भेटल्या त आणल्या.”

“बोडी त आटली नाई अजून.”

“खाऊन टाक ना आता! अन् ताट्याची घाई करू नोको यंदा. मी सांगतो मंग.”

जंगूनं मरळींकडे बघितलं, मग मनसारामकडे, आणि मरळी आत नेल्या. मनसारामला मात्र घरी पानातला भात गोड लागेना. कूलर त्यानं मागच्या भिंतीशी ओढून नेला आणि वर मासे धरायची जुनी जाळी टाकली. जाळी टाकली तरी त्याची नजर तिकडंच जायची. आपण मासे देऊन दोस्ताचं तोंड बंद करायला गेलो होतो, हे त्याला आता उमगलं होतं, आणि तेच सलत होतं.

आणि एका सकाळी दारात जंगूची मोटारसायकल थांबली. ताट्या नव्हत्या. हातात टेप होता.

“वयनी, पाणी द्या जरा. एसीच्या दुकानवाल्यानं धाडलं, स्टँडचं माप घ्याले. पत्ता ऐकला त म्या म्हटलं, हे त आपलंच घर होये!”

मनसाराम खाटेवरून उठला तो उभाच राहिला. जंगू सरळ मागच्या भिंतीकडे गेला. वाटेत जाळ्यांचा ढीग. त्यानं जाळं उचललं, कूलर दिसला.

“याले काऊन पांघरून ठेवलं गा? थंडी वाजते का त्याले?”

रंभाला हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला सुरू झाला. थांबेचना. पदर तोंडाला लावून ती आत गेली. जंगूच्या हातातला टेप तसाच लोंबत राहिला.

“कूलरनं होते?” त्यानं हळू विचारलं.

जन्मभर ज्याच्या तोंडून ‘हो’च निघालं, त्याला एवढं एक ‘हो’ म्हणता येईना. मनसारामनं नुसती मान खाली घातली.

जंगूनं माप घेतलं, खडूनं भिंतीवर खुणा केल्या. रंभानं आणलेला चहा घेऊन तो कूलरच्या पत्र्यालाच टेकून बसला, आणि कप अर्धा झाल्यावर बोलला, “चंद्रपूर हिंडला, बल्लारपूर हिंडला, दुकानवाल्यानं सांगतलं मले. माह्या दुकानासमोरून दुपट्टा बांधून गेला तेबी पाह्यलं म्या. चाल नाई का ओळखत तुही? एवढ्यायले भाव विचारले. मले काऊन नाई विचारलं?”

मनसारामच्या डोळ्यांत पाणी होतं. पण या वेळी त्यानं मान हलवली नाही, तोंड उघडलं.

“तुले विचारलं असतं त तू रातंदिवस खपून नवा कूलर करून देला असता जंगू, अन् माह्यानं तुले नाई म्हणणं झालं नसतं. मंग रंभा खोकलत राह्यली असती, अन् मी तुह्या कूलरात पाणी टाकत राह्यलो असतो.”