कडी बाहेरून लावलेली होती

माझं देवाशी बरेच दिवस बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, पण एखाद्या घरात दोघंजण एकमेकांसमोरून जातात आणि मान वर करत नाहीत, तसं आमचं चाललं होतं. माझं माहेर कमलनगरचं, लिंगायत संतांना, शरणांना मानणारं. आमच्यात देव्हाऱ्यापेक्षा गळ्यातलं लिंग मोठं. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि नजर त्याच्यावर ठेवायची, एवढीच आमची पूजा. भूतखेत, अंगात येणं, उतारे, यांना घरात थारा नव्हता. कायक म्हणजे आपलं काम, आणि काम हीच पूजा, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्याच जोरावर मी नर्स झाले. पुढे त्याच वाक्याचा मला राग यायला लागला.

आळंद तालुक्यात, खजुरीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात मी कंत्राटावर आहे. आम्ही तिघी सिस्टर होतो. एक पुण्याच्या खासगी हॉस्पिटलात गेली, दुसरी आखातात. त्यांना नावं ठेवणार नाही. पोटाला चिमटा काढून किती दिवस सेवा करायची? त्यांच्या जागा काही भरल्या गेल्या नाहीत, त्यांची कामं मात्र सगळी माझ्या वाट्याला आली. लसीकरण माझं, मलमपट्टी माझी, बाळंतपणं माझी, कॉम्प्युटरवर माहिती भरायची तीही मीच. पेशंट बरा झाला तर डॉक्टर चांगले, आणि काही बिनसलं तर सिस्टर वाईट. घरी येईपर्यंत पायांचे गोळे व्हायचे. लिंग गळ्यात असायचं, पण ते तळहातावर घेऊन बसावं एवढी उसंत नसायची, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नसायची. काम हीच पूजा असेल तर माझी पूजा अष्टौप्रहर चालू आहे, आता तूच बघ, असं मी मनातल्या मनात त्याला सुनावून टाकलं होतं.

ती वैशाखातली दुपार होती. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले, आया लेकीच्या लग्नासाठी रजेवर. उन्हामुळे ओपीडीत चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी सुवर्णा नावाची पहिलटकरीण कळा देत आली. सोबत तिची सासू, गंगव्वा. नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे कामाला, तो परगावी. बाळंतपण सरळ झालं. मुलगी झाली, टाहो फोडून रडली, वार नीट पडली. ट्रेमधलं पिशवी आवळायचं इंजेक्शन मी दिलं. ट्रेमध्ये तेवढं एकच उरलं होतं. जादाचं फ्रिजमधून आणून ठेवायचं काम ज्या सिस्टरकडे असायचं, ती आता पुण्यात होती, आणि सकाळपासून मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नव्हती. नंतर आणू म्हटलं. मुलीला दुपट्यात गुंडाळून बाजूच्या खाटेवर ठेवलं.

आमच्या भागात वार घरचीच माणसं नेऊन पुरतात. कुत्र्यामांजराच्या तोंडी लागू नये म्हणून खोल पुरतात, आणि उशीर करत नाहीत. गंगव्वानं वार घातलेलं मडकं पदराखाली घेतलं आणि दारात थांबून मला म्हणाली, "सिस्टर, मी वार पुरून येताव. टळटळीत दुपार हाय, दार उघडं ठिवू नका. बाळतिणीच्या खोलीत बाहीरचं शिरतंय."

मी हसून म्हटलं, "काही शिरत नाही, अव्वा. जाऊन या तुम्ही."

तिनं माझ्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि मागोमाग बाहेरची कडी. वार पुरून येईपर्यंत बाळंतिणीचं दार बंद ठेवायचं ही तिची रीत. आत सिस्टर आहे, तिला बाहेर पडायची गरज लागेल, हे त्या माऊलीच्या डोक्यातही आलं नसेल. मीही तिला हाक मारली नाही. येईलच म्हटलं थोड्या वेळात.

ती गेली आणि वीज गेली. पंखा थांबला. मी सुवर्णाच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळून नारळासारखी कडक व्हायला हवी. ती माझ्या हाताखाली मऊ, ढिली लागत होती. चादर बाजूला केली तर रक्त खाटेवरून खाली गळत होतं. मी पोट चोळायला लागले, पिशवी जरा आवळायची आणि पुन्हा सैल पडायची. शेवटी एक हात आतून आणि एक पोटावरून, अशी पिशवी दोन्ही हातांत दाबून धरली. तेव्हा रक्त कमी झालं. हात जरा ढिला केला की पुन्हा धार.

इंजेक्शन फ्रिजमध्ये, सलाईन शेजारच्या खोलीत, फोन माझ्या पर्समध्ये, आणि हे सगळं दाराच्या पलीकडे. दाराला कडी. माझे दोन्ही हात त्या पोरीच्या अंगात गुंतलेले. मी ओरडले. गंगव्वाला हाका मारल्या, डॉक्टर नाहीत हे माहीत असून डॉक्टरांना मारल्या. बाहेर पत्र्यावर एवढा वेळ पारवे घुमत होते, तेही गप्प झाले. संकटात माणूस हात जोडतो. माझे हात जोडायला मोकळे नव्हते. बऱ्याच दिवसांत देवाशी बोलले नव्हते, त्या वेळी बोलले. "मला दोनच हात दिलेस," म्हटलं, "आता पुढचं तू बघ." ती प्रार्थना होती की चिडचिड, हे आजही मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मुलगी रडायची थांबली आहे. मी मान वळवून बघितलं. ती जागी होती. नुकतं जन्मलेलं लेकरू डोळे किलकिले करतं, पण तिचे डोळे टक्क उघडे होते आणि ती दाराकडे बघत होती. मी सुवर्णाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला, ओठ सुकलेले, आणि तीही तिकडेच बघत होती. मायलेकींची नजर एकाच जागी होती. तिथं फक्त बंद दार होतं.

"अक्का," सुवर्णा पुटपुटली, "त्या कवाच्या उभ्या हायत. त्येंला बसाय सांगा की."

"कोण उभं आहे? कुणी नाही. माझ्याकडे बघ, सुवर्णा."

ती माझ्याकडे बघेना. दाराकडे बघून ओठ हलवत राहिली, कुणाला तरी उत्तरं द्यावीत तशी. रक्त जाणारी बाई कुणाशी तरी बोलायला लागली की तिला न्यायला आलंय, असं जुन्या आया सांगायच्या. त्या वेळी मी त्यांना वेड्यात काढायचे. आता तेच शब्द आठवले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी डोळे मिटून घेतले आणि हात तेवढे घट्ट ठेवले.

विभूतीचा वास आला. डोळे उघडले तर खाटेच्या पलीकडे एक बाई उभी होती. वय सांगता येणार नाही असा चेहरा. मातकट लुगडं, पाय धुळीनं भरलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं सुवर्णाच्या बेंबीच्या वर मूठ रोवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. तिचा हात माझ्या हाताला लागला. त्या उन्हात तो रांजणातल्या पाण्यासारखा गार होता. "ना हिडितीनि, नी होगव्वा," ती कानडीत म्हणाली. मी धरते, तू जा.

मी हात काढले. रक्त आलं नाही. दाराकडे धावले, दार उघडं होतं. फ्रिजमधून इंजेक्शन घेतलं, सलाईन घेतलं, अँब्युलन्सला फोन केला, परत आले. ती होती तशीच उभी होती, जरासुद्धा हललेली नव्हती. तिची पापणी लवल्याचं मला आठवत नाही. मी इंजेक्शन दिलं, शीर सापडत नव्हती ती कशीबशी सापडली, सलाईन सुरू झालं. मग पोटावर हात ठेवला आणि पिशवी हळूहळू आवळत माझ्या तळहाताखाली दगडासारखी घट्ट झाली. मला रडू फुटलं. "थांबलं, अव्वा, थांबलं," असं म्हणत मी मान वर केली. पलीकडे कुणी नव्हतं.

आणि त्याच वेळी बाहेरची कडी काढल्याचा आवाज आला. दार ढकलून गंगव्वा आत आली, हात मातीनं भरलेले. खाली रक्त बघून तिनं तोंडावर हात घेतला.

"अव्वा, आत्ता बाहेर कोण गेलं? कुणी दिसलं का?"

"कोण जाईल ओ? म्या लावल्याली कडी तशीच व्हती. आत्ता माझ्या हातानं काढलाव."

यावर मी वाद घालत नाही. रस्त्यानं जाणारी कुणी बाई माझ्या हाका ऐकून आत आली असेल आणि जाताना तिनंच कडी लावली असेल. बाळंतिणीचं दार दिसलं की आमच्याकडच्या बायकांचा हात आपोआप कडीकडे जातो. असंही असेल. मी गावात विचारून बघितलं, कुणाला ठाऊक नव्हतं. अँब्युलन्स आली, सुवर्णाला कलबुर्गीला नेलं, रक्त चढवलं, ती वाचली.

पुढे लसीकरणाला ती लेकीला घेऊन आली. चेहऱ्यावर रंग आला होता. मी तिला त्या दुपारचं काय आठवतं म्हणून विचारलं. ती लेकीचं डोकं पदरानं झाकत म्हणाली, "त्या दारात उभ्या ऱ्हाऊन मला इचारत व्हत्या, येतीस का म्हणून. तीनदा इचारलं. मी म्हणलं, लेकरू अजून पाजलं न्हाई मी. मग त्या आत आल्या."

त्या दिवसानंतर माझं देवाशी बोलणं सुरू झालं. जिला मी न्यायला आलेली समजून डोळे मिटले, तीच धरायला आली होती. नेणारा आणि राखणारा वेगवेगळे असतात असं मला वाटायचं. आता तसं खात्रीनं सांगवत नाही. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून हात वर करणं, हेही मी चुकीचंच समजत होते. हातात आहे ते सोडायचं नाही, आणि जे हाताबाहेर आहे त्यासाठी दार आपण उघडायचा हट्ट धरायचा नाही, एवढंच मला कळलं. अर्थात त्यानं एकदा येऊन ड्युटी केली म्हणून सरकारनं भरती करू नये असा याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या सिस्टरसाठी मी अजून अर्ज करते, साहेबांशी भांडते, आणि ट्रे भरल्याशिवाय आता बाळंतपणाला हात लावत नाही.

दुसरी सिस्टर अजून आलेली नाही. बाळंतपणं एकटीच करते. पण त्या दिवसापासून खाट मी भिंतीला टेकवत नाही. पलीकडच्या बाजूला एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा सोडते.