बेंबीवरचा दिवा

"आत्याबाय, तिच्या पोटाला हात लावू नगा."

"मग काय, अत्तर लावू?" धोंडुबाईने हातातला कणकेचा दिवा खाली ठेवला नाही. "अख्खं कुंडल गाव माज्याकडं बेंबी बसवाय येतंय, आन् घरची सून मला अक्कल शिकवतीया."

मनुबाई सात वर्षांच्या विजयमालेला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी पाय पोटाशी ओढून कण्हत होती. दोन्ही नडग्यांवर जांभळे ठिपके उठले होते.

असलेच ठिपके पाडव्याच्या सुमाराला उठले होते. उष्णतेचे आहेत, लिंबाच्या पाल्याने जातील, असे तेव्हा घरात ठरले. पोट दुखू लागल्यावर धोंडुबाई म्हणाली, बेंबी सरकली. पोरीला उताणी निजवून तिने बेंबीवर पेटता दिवा ठेवला, वर तांब्या पालथा घातला. तांब्याने कातडी ओढून धरली की सरकलेले जागेवर येते म्हणे. आले नाही, तेव्हा पोट चोळले, एरंडेल पाजले. पोरीचे हात मनुबाईनेच दाबून धरले होते. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या दिव्याला वाती वळायचे कामही तिचेच. परसाकडला रक्त पडले तेव्हा कुठे गाडी जुंपली. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडले. आतडे आतड्यात शिरून काळे पडले होते. तेवढे कापून उरलेले जोडले.

घरी सोडताना डॉक्टरांनी मनुबाईला समजावले होते. ह्या दुखण्यात रक्ताच्या बारीक नळ्या सुजतात. पायावर दिसते तेच आत आतड्यालाही होते. खात्रीचे औषध नाही, बहुतेक पोरे पडून राहून बरी होतात. पण पुन्हा ठिपके येऊन पोट दुखले, तर चोळू नका, जुलाब देऊ नका, तडक घेऊन या.

हे तिने घरी सांगितले तेव्हा धोंडुबाई एवढेच म्हणाली, "म्हंजी माज्या हातानं पोर मरत हुती म्हण की." गाव बेंबी बसवायला येत राहिले आणि मनुबाई वाती वळत राहिली.

"भावजी, गाडी जुंपा," ती दिराला म्हणाली.

नानासो तंबाखू मळत होता. "बैलं मोटंला हाइत. आन् वैनी, एकदा पोट फाडलेली पोरगी करून घेणार कोण, ह्याचाच घोर हाय. दुसऱ्यांदा फाडून आनली तर जल्मभर पोसायची कुणी? दादा असता तर त्येनंबी हेच सांगितलं असतं."

"त्ये ब्रह्मदेशात लढाईवर हाइत. हितं मी हाय."

धोंडुबाईने काडी ओढली. दिवा पेटलेला पाहून विजयमालेने कण्हणे थांबवले. आपणच परकराची नाडी सैल केली, टाक्यांचा लालसर व्रण उघडा केला आणि दोन्ही हात आईपुढे धरले. दाबून ठेवायला.

मनुबाईने सासूच्या हातातला दिवा घेतला, फुंकला आणि चुलीच्या राखेत ठेवला. मग पदर खोचून पोरीला खांद्यावर घेतले.

"भाकऱ्या टोपल्यात हाइत," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "वाती आता तुमच्या तुमी वळा. मी ठेसनावर निगाले, चालत. दवाखान्यातनं सुटली की पोरगी शिराळ्याला माज्या आईकडं ऱ्हाईल. ह्या घरात तिला परत आनायची न्हाई."